पुढची तारीख कोणी द्यायची?

महामारीच्या काळात आपल्या कानांना सरावलेल्या अनेक शब्दांपैकी 'ऐच्छिक शस्त्रक्रिया' हा एक अत्यंत दिशाभूल करणारा शब्द आहे. इंग्रजीतील 'इलेक्टिव्ह' या वैद्यकीय संज्ञेचे हे शब्दशः केलेले भाषांतर. ते ऐकले की एखाद्याला वाटावे, रुग्णाच्या मनात आले म्हणून तो शस्त्रक्रिया करून घेत आहे. नाही केली तरी काही बिघडणार नाही! वास्तविक या संज्ञेचा अर्थ एवढाच, की ती शस्त्रक्रिया आज, या तासाला न करता आधी ठरवलेल्या दिवशी करता येते. कर्करोगाची गाठ काढणे हीही त्या अर्थाने नियोजित शस्त्रक्रिया आहे. हृदयाच्या झडपेची, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची, अंतर्गळाची, पित्ताशयातील खड्यांची आणि मोतीबिंदूचीही. कोणता रुग्ण या गोष्टी हौसेने करून घेतो? परंतु एकदा 'ऐच्छिक' असे नाव दिले, की त्या पुढे ढकलणाऱ्याच्या मनावरचे ओझे आपोआप हलके होते. कोरोनाकाळात नेमके हेच घडले.

२० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील रुग्णालयांना अनावश्यक नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना दिली. त्याच सुमारास दिल्लीच्या 'एम्स'नेही तसा निर्णय घेतला. त्याच्या तीनच दिवस आधी, १७ मार्चला, इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या रुग्णालयांना पत्र पाठवून तातडीच्या नसलेल्या सर्व नियोजित शस्त्रक्रिया उशिरात उशिरा १५ एप्रिलपासून किमान तीन महिने थांबविण्यास सांगितले होते. रुग्णालयातून शक्य तेवढ्यांना घरी पाठवणे आणि शस्त्रक्रिया थांबवणे, अशा मार्गांनी ३० हजार खाटा मोकळ्या करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. जगभर थोड्याफार फरकाने हाच मार्ग अवलंबला गेला.

या निर्णयाविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, मग आता त्याची चर्चा कशाला?' दुसरा पक्ष म्हणतो, 'भयगंडापोटी निरपराध रुग्णांना वाऱ्यावर सोडले, तो सारा प्रकारच चुकीचा होता.' आमच्या मते हे दोन्ही पक्ष सोयीचे बोलत आहेत. निर्णय योग्य होता. तो ज्या रीतीने राबवला गेला ती रीत अयोग्य होती. आणि त्याची जी परतफेड व्हायला हवी होती ती आजतागायत झालेली नाही. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की सत्य हरवते आणि जबाबदार मंडळी सुखाने झोपी जातात.

निर्णय योग्य का होता?

प्रथम त्या दुसऱ्या पक्षाचा समाचार घेऊ. अतिदक्षता विभागातील खाट म्हणजे बाजारातून आणून मांडता येणारा लोखंडी पलंग नव्हे. त्या खाटेशेजारी श्वसनयंत्र लागते, अखंड प्राणवायू लागतो आणि मुख्य म्हणजे चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणारी प्रशिक्षित परिचारिका आणि श्वसनयंत्र हाताळू शकणारा डॉक्टर लागतो. हा डॉक्टर पुष्कळदा भूलतज्ज्ञच असतो. शस्त्रक्रियागृहात जो भूलतज्ज्ञ सकाळी एका रुग्णाला भूल देतो, तोच महामारीत अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालतो. त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागते, तीही खाट अडते. म्हणून शस्त्रक्रियागृह थांबवले की माणसे, यंत्रे, प्राणवायू आणि खाटा हे सारे एकाच वेळी हाताशी येते. एवढ्या झटपट अतिदक्षता क्षमता वाढवण्याचा अन्य उपाय कोणत्याही देशापाशी नव्हता.

दुसरे कारण रुग्णाच्याच हिताचे होते. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतील २३५ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्या ११२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले होते. त्यांत तातडीच्या शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक होते हे खरे. तथापि, चारांतील जवळपास एक मृत्यू, हे प्रमाण कोणत्याही शल्यविशारदाचा हात थांबवणारे आहे. लस नाही, चाचण्या अपुऱ्या, अंगरक्षक पोशाखांचा तुटवडा, अशा स्थितीत गुडघ्याचा सांधा बदलण्यासाठी आलेल्या वृद्धाला 'आज्जी, थोडे थांबा' असे सांगणारा डॉक्टर निष्ठुर नव्हता. त्या डॉक्टरवर आज आगपाखड करणाऱ्यांनी एप्रिल २०२१ आठवावा. खाटेसाठी रात्र-रात्र दूरध्वनी करणारी कुटुंबे, रुग्णालयाच्या दारात उभ्या रुग्णवाहिका आणि प्राणवायूच्या टँकरची वाट पाहणारे डॉक्टर. त्या दिवसांत शस्त्रक्रियागृहे नेहमीसारखी चालू ठेवा, असे म्हणण्याची कोणाची छाती होती?

सरसकटपणाचा अपराध

परंतु योग्य निर्णयाला विवेकाची जोड लागते. कोणती शस्त्रक्रिया थांबवल्याने अतिदक्षता खाट मोकळी होते, हा साधा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला गेला का? मोतीबिंदूच्या रुग्णाला अतिदक्षता विभाग लागत नाही. बहुतेकदा केवळ जागेवरची भूल देऊन, त्याच दिवशी त्याला घरी सोडतात. आपल्या देशात महामारीपूर्वी वर्षाला साठ लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया होत असत. संसर्गाचे भय आणि टाळेबंदी यांमुळे पहिले काही आठवडे त्या थांबणे समजण्यासारखे होते. मात्र 'खाटा मोकळ्या करण्यासाठी' हे कारण त्यांना कधीच लागू नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला शेतकरी आंधळा होऊन घरी बसला, म्हणून एकाही कोरोनारुग्णाला श्वसनयंत्र मिळाले नाही.

उलट टोकाला कर्करोगाचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली, तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. आणि आपल्याकडे काय झाले? 'नॅशनल कॅन्सर ग्रिड'मधील ४१ केंद्रांच्या पाहणीत असे दिसले, की मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत, २०१९ च्या त्याच महिन्यांच्या तुलनेत, नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. कर्करोग तर टाळेबंदीत घरी बसला नव्हता! रुग्ण तितकेच होते. ते दारापर्यंत पोहोचले नाहीत, किंवा पोहोचूनही त्यांना तारीख मिळाली नाही.

याहून वेगळे काही शक्यच नव्हते, असे म्हणणाऱ्यांना उत्तर मुंबईतच, परळला, सापडते. टाटा स्मारक रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या ऐन टाळेबंदीच्या काळात ४९४ नियोजित कर्करोग शस्त्रक्रिया केल्या. त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. तेथील तज्ज्ञांनी हा अनुभव आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सा नियतकालिकात मांडला. दुपटीने काम करून ही मंडळी थांबली नाहीत. त्यांनी रुग्ण पारखून घेतले, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलल्या, कोणाला थांबवता येईल आणि कोणाला नाही याचा दररोज विचार केला. परिपत्रकाच्या एका ओळीत जो विवेक मावत नाही, तो त्यांनी प्रत्यक्ष कामात दाखवला. एका रुग्णालयाला जे जमले ते सर्वांना जसेच्या तसे जमले असते असा आमचा दावा नाही. परंतु 'अशक्य' हा शब्द वापरण्याचा अधिकार मात्र या उदाहरणाने काढून घेतला आहे.

भुर्दंड कोणाच्या माथी?

आता अधिक बोचऱ्या प्रश्नाकडे वळू. थांबले कोण? मुंबईत एप्रिल २०२० मध्ये नायर रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवण्यात आले, पुण्यात ससूनची नवी अकरा मजली इमारत कोरोनारुग्णांसाठी देण्यात आली. ते आवश्यकच होते आणि या रुग्णालयांतील निवासी डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांनी जे केले त्याला तोड नाही. परंतु ही रुग्णालये गोरगरिबांची होती. तेथे केसपेपर काढून महिनोन्महिने तारखेची वाट पाहणाऱ्या अंतर्गळाच्या हमालाला, गर्भाशयाच्या गाठीने रक्तस्राव होणाऱ्या घरकामवालीला दुसरा दरवाजा नव्हता. त्यातच उपनगरीय गाड्या बंद. कल्याण-कसाऱ्याहून परळला यायचे कसे, हा प्रश्न परिपत्रक काढणाऱ्याला पडत नाही, कारण त्याच्याकडे गाडी असते.

खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन त्यांचे दर ठरवून देणारा आदेश महाराष्ट्र शासनाने २१ मे २०२० रोजी काढला. साधी खाट दिवसाला ४ हजार, अतिदक्षता ७,५०० आणि श्वसनयंत्रासह ९ हजार रुपये, असे ते दर होते. आदेश स्वागतार्ह होता. परंतु पहिली सूचना मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणि हा आदेश मेच्या तिसऱ्या आठवड्यात! मधल्या दोन महिन्यांत सरकारी रुग्णालयातला गरीब रुग्ण आपली खाट सोडून घरी गेला होता. त्यागाची सुरुवात ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्याच्यापासून करायची, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड महामारीतही सुटली नाही.

अंतर्गळ झालेला हमाल सहा महिने थांबतो म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय घरांनी समजून घेतले पाहिजे. त्याला ओझे उचलता येत नाही, म्हणजे मजुरी नाही. आतडे अडकून पीळ पडला, तर जी शस्त्रक्रिया दिवसाउजेडी शांतपणे झाली असती ती मध्यरात्री जीव वाचवण्यासाठी करावी लागते. म्हणजे थांबवलेली शस्त्रक्रिया नाहीशी होत नाही. ती अधिक धोकादायक, अधिक खर्चिक होऊन परत येते. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे तेच. २०१९ मध्ये देशात साडेबारा हजारांहून अधिक अवयवप्रत्यारोपणे झाली होती. २०२० मध्ये ती साडेसात हजारांच्या आत आली. जे राहिले त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा रक्तशुद्धीकरणासाठी त्याच संसर्गाच्या वातावरणात खेटे घातले. त्यांतल्या किती जणांना त्यांचे मूत्रपिंड पुढे मिळाले?

नोंदच नाही, मग दोष कसला?

या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीही नाही, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा दोष तोच आहे.

इंग्लंडकडे पाहा. तेथे नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीत महामारीपूर्वी सुमारे ४५ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या ७७ लाखांच्या वर गेल्या. त्याला केवळ महामारी कारण नाही. जुना अनुशेष आणि कर्मचाऱ्यांचे संपही आहेत. आपल्याकडील काही मंडळींना हे आकडे वाचून मोठा आनंद होतो. 'पाहा, ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले, त्यांच्याकडे लाखो माणसे रांगेत. आमच्याकडे अशी रांगच नाही!' हा आनंद बालिश आहे. आपल्याकडे रांग नाही असे नव्हे, आपण रांग मोजतच नाही. तिकडे आकडा दरमहा प्रसिद्ध होतो, म्हणून तिथल्या पंतप्रधानाला लोकसभेत उत्तर द्यावे लागते, निवडणुकीत मते मागताना ती यादी कमी करण्याचे वचन द्यावे लागते. आपल्याकडे संपूर्ण देशाची किंवा राज्याची अशी शस्त्रक्रियेची यादी प्रसिद्ध होत नाही, म्हणून विधानसभेत कोणी तो प्रश्न विचारू शकत नाही. ज्याची नोंद नाही त्याचे दुःख शासनाच्या लेखी घडलेलेच नसते.

मे २०२० मध्ये शल्यविशारदांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अंदाज बांधला होता, की महामारीच्या ऐन भराच्या बारा आठवड्यांत जगभर २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, आणि त्यांत भारतातील सुमारे ५ लाख ८० हजार असतील. तो अंदाज होता. प्रत्यक्ष काय झाले हे मोजणे आपले काम होते. पाच-सहा लाख माणसांना 'नंतर या' असे सांगणाऱ्या व्यवस्थेने ती माणसे नंतर आली का, याचा हिशेब ठेवला नाही. वाणी उधारीची वही ठेवतो, बचत गटातल्या बायका दहा-दहा रुपयांची नोंद ठेवतात; आणि माणसांच्या आयुष्याची उसनवारी करणारे शासन वही ठेवत नाही!

होय, उसनवारीच. रुग्णाने आपली खाट सोडली ती दुसऱ्या कोणाचा तरी प्राण वाचावा म्हणून. बहुतेकांना ती सोडायची का, असे कोणी विचारलेही नाही. तरी समाजाने ती घेतली, तिचा उपयोग केला आणि त्यातून असंख्य जीव वाचले. मग हे ऋण फेडायचे कोणी? महामारी ओसरल्यावर 'आता नव्याने केसपेपर काढा, नव्याने तपासण्या करा, नव्याने रांगेत उभे राहा' असे सांगणे ही परतफेड नव्हे. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण ऐकून आहोत. येथे गरज सरली आणि रुग्ण विसरला गेला.

पुढच्या वेळेसाठी

पुढची महामारी येणार की नाही, हा प्रश्न नाही. ती येईल तेव्हा आपण पुन्हा एका ओळीचे परिपत्रक काढणार का, हा प्रश्न आहे. आमची मागणी स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट, सरसकट बंदी नको, मर्यादारेषा हवी. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने मार्च २०२० मध्ये सरसकट बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र ज्या रुग्णालयात १० टक्क्यांहून कमी खाटा शिल्लक आहेत, तिथेच तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया मर्यादित करण्याचा नियम केला. अनुभवातून शहाणे होणे याला म्हणतात. गडचिरोलीत खाटा रिकाम्या असताना मुंबई भरली म्हणून तिथला मोतीबिंदू थांबता कामा नये.

दुसरी गोष्ट, प्रत्येक शस्त्रक्रियेचे वर्गीकरण 'तातडीची' आणि 'ऐच्छिक' अशा दोनच रकान्यांत न करता, किती दिवस थांबता येईल यावर व्हावे. दोन आठवडे, दीड महिना, तीन महिने. आणि मुदत संपली की फाईल आपोआप वर यावी.

तिसरी गोष्ट, प्रत्येक जिल्ह्यात एक तरी रुग्णालय महामारीपासून अलिप्त राखावे, जेथे कर्करोग, हृदयविकार, प्रसूती यांचे काम चालू राहील. गोरगरिबांची सर्व रुग्णालये एका रोगाला वाहून टाकायची, हा मार्ग पुन्हा नको. आणि खासगी खाटांचा आदेश काढायचाच असेल, तर तो दोन महिन्यांनी नव्हे, पहिल्याच दिवशी निघावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदवही. ज्या रुग्णाची तारीख रद्द होईल त्याला लेखी कारण मिळावे, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव मिळावे, मधल्या काळात प्रकृती बिघडली तर कोठे जायचे ते कळावे आणि लाट ओसरताच नवी तारीख रुग्णालयाने स्वतःहून कळवावी. ही यादी दर महिन्याला प्रसिद्ध व्हावी. यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. वही, दूरध्वनी आणि इच्छाशक्ती लागते.

ही मागणी केवळ शासनाकडे करून आपण मोकळे होऊ शकत नाही. महामारीत कार्यकर्त्यांनी शिधा पोहोचवला, रक्तदान शिबिरे भरवली, वस्त्यांत जाऊन तपासण्यांना हात दिला. पुढच्या संकटात या कामाच्या यादीत आणखी एक ओळ असली पाहिजे: आपल्या वस्तीत कोणाची शस्त्रक्रिया थांबली आहे? त्याचे नाव लिहा. त्याची प्रकृती आठवड्याला विचारा. वाहन नसेल तर रुग्णालयापर्यंत पोहोचवा आणि तारीख मिळेपर्यंत अधीक्षकाच्या दारात त्याच्यासोबत उभे राहा. सुशिक्षित कुटुंबांनीही आपल्या घरात डोकवावे. 'माझे काय, नंतर बघू' असे म्हणून स्वतःचे दुखणे वर्षानुवर्षे मागे सारणारी आई किंवा सासू पुष्कळ घरांत असते. महामारीने तिला एक सबळ कारण दिले. ते कारण केव्हाच संपले. तिची तारीख अजून घेतली गेली आहे का?

संकटात कोणाला तरी थांबावे लागते, हे समंजस समाज जाणतो. जो थांबला त्याला नावानिशी लक्षात ठेवणे आणि त्याची पाळी प्रथम लावणे, ही त्या समंजसपणाची दुसरी बाजू आहे. पहिली बाजू आपण रुग्णांकडून सक्तीने पार पाडून घेतली. दुसरी पार पाडण्याची सक्ती शासनावर करणे, हे आता आपले कर्तव्य आहे.